जामीन तर कायद्यानंच मिळतो, पण पोराला न्यायला यायचं कुणी?

मे २०२४ मध्ये पुण्यात ते पोर्शेचं प्रकरण झालं तेव्हा आमच्या इकडं बाररूममध्ये, टपरीवर, एसटीत, जिथं जावं तिथं एकच विषय. सतरा वर्षांचं पोरगं पोर्शे गाडी चालवत होतं, धडकेत दोन तरुण इंजिनियर जीवानिशी गेले, आणि पंधरा तासांत जामीन, वर काय तर अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहून आण. तो निबंध म्हणजे शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, पण एवढं बघायला कुणाला वेळ होता, लोक चिडलेले होते आणि चिडण्यासारखंच होतं. माझ्या डोक्यात मात्र निबंध नाही, दुसरीच गोष्ट बसली. त्या पोराला न्यायला माणूस होता. आजोबांनी हमी दिली, मी लक्ष ठेवतो म्हणाले, साडेसात हजाराचं बंधपत्र, झालं. पुढं बोंबाबोंब झाल्यावर बाल न्याय मंडळानं आदेश बदलून पोराला निरीक्षणगृहात पाठवलं, तोवर बाप, आजोबा, आई सगळेच या ना त्या गुन्ह्यात आत गेलेले, तर आत्या हायकोर्टात गेली. २५ जूनला हायकोर्टानं सांगितलं, जामीन झालेल्या पोराला असं आत ठेवणं बेकायदेशीर आहे, आत्याच्या ताब्यात द्या. कायद्यानं बघितलं तर हायकोर्टाचं बरोबरच होतं, मी तेव्हाही हेच म्हणत होतो आणि त्यावरून दोन मित्र अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मी बीड जिल्ह्यात वकिली करतो, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर आहे, म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याच्या केसा आमच्याकडं येतात. पोरांच्या केसमध्ये तर ऐपत बघतच नाहीत, लेकरू म्हटलं की वकील फुकट, हे १९८७ च्या कायद्यातच आहे. त्यामुळं बाल न्याय मंडळासमोर माझं जाणं-येणं असतं. आणि आमच्याकडच्या पोरांचा प्रश्न पुण्याच्या बरोब्बर उलटा आहे. तिथं एक माणूस आत गेला की दुसरा उभा राहत होता. इथं उभं राहायला माणूसच नसतो.

दिवाळी झाली की आमच्या धारूर, वडवणी, शिरूर, पाटोदा पट्ट्यातली गावं ऊसतोडीसाठी रिकामी व्हायला लागतात हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, आणि गाडी निघाली सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात. बारकी लेकरं सोबत जातात, जरा मोठी झालेली, आठवी-नववीतली पोरं आजीपाशी राहतात. आजी सत्तरीची, तिला दिसत नाही नीट, ती पोराला काय धाक लावणार. पोरगं शाळेत गेलं तर गेलं. संध्याकाळी पारावर, टपरीवर, आणि तिथं त्याच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी पोरं असतात ज्यांच्याकडं गाडी असते आणि मोबाईलमध्ये बॅलन्स असतो.

मग एक दिवस कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारीची केबल जाते. केबल जाळून आतलं तांबं काढायचं आणि भंगारवाल्याला द्यायचं, हा आमच्या भागातला जुना धंदा. ज्याची केबल गेली त्या शेतकऱ्याचं नुकसान खरंच मोठं असतं, ऐन पाण्याच्या पाळीला मोटार बंद, त्याचा राग मला समजतो. सापडतं कोण तर जे सगळ्यात हळू पळतं ते. मोठी पोरं गाडीवर बसून गेलेली असतात.

इथून पुढं कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण लोकांच्या डोक्यात एकतर 'मायनर हाय, काय होत नसतंय' एवढंच असतं नाहीतर 'रिमांडला टाकलं, आता संपलं' एवढंच. २०१५ चा बाल न्याय कायदा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू. अठराच्या आतलं पोरगं पोलिसांनी पकडलं तर त्याला लॉकअपमध्ये टाकायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो त्याच्या ताब्यात द्यायचं, त्यानं साध्या कपड्यात यायचं, आईबापाला कळवायचं, प्रोबेशन ऑफिसरला कळवायचं, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मंडळासमोर उभं करायचं. केबलचोरीसारखा गुन्हा, ज्याला मोठ्या माणसाला जास्तीत जास्त तीन वर्षं, तो या कायद्यात किरकोळ. त्यात साधारणपणे एफआयआरसुद्धा करायची नाही, डायरीला नोंद घ्यायची आणि पोराच्या घरचा, शाळेचा अहवाल मंडळाला द्यायचा. एफआयआर कधी, तर गुन्हा अतिगंभीर असेल किंवा सोबत मोठी माणसं असतील तर. आणि किरकोळ गुन्ह्याची चौकशी मुदतवाढ धरून सहा महिन्यांत संपली नाही तर केसच बंद.

कागदावर इतकं चांगलं लिहिलेलं आहे की वाचताना आपण भारतातच आहोत ना असं वाटतं.

ठाण्यात काय होतं? एका तालुक्याच्या ठाण्यात मी संध्याकाळी गेलो तर पोरगं भिंतीला टेकून उकिडवं बसलेलं. विचारलं, कधी आणलं? 'आणलं नाय वकीलसाहेब, चौकशीला बोलावलंय.' म्हणजे नोंद नाही. नोंद नाही म्हणजे चोवीस तासांचं घड्याळ चालूच झालेलं नाही. सकाळपासून बसलंय, जेवण एका हवालदारानंच स्वतःच्या डब्यातलं दिलं होतं, हेही खरं, माणसं वाईट असतात असं नाही. पण सकाळी आणलेलं पोरगं कागदावर रात्री येतं आणि मधल्या वेळात जे काही झालं ते कुठंच लिहिलेलं नसतं. माझं स्वतःचं मत असं आहे की या कायद्यातलं निम्मं यश-अपयश या मधल्या वेळात ठरून जातं, कारण पोरगं तिथं जे शिकतं ते पुढं कुणी समुपदेशन करून पुसू शकत नाही.

मंडळ मात्र चांगली जागा आहे, निदान मी बघितलं ते. एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यातले सदस्य, त्यात एक बाई पाहिजेच. पिंजरा नसतो, उंच चौथरा नसतो, पोलीस गणवेशात नसतो. पहिल्यांदा येणाऱ्या बापाला कळतच नाही की जज कोण, एकानं तर स्टेनोच्याच पाया पडायला सुरुवात केली होती.

आणि इथं कलम १२ येतं. पोराला जामीन द्यायचाच. गुन्हा जामीनपात्र असो नसो, जामीनदार असो नसो. नाकारायचा तर तीनच कारणं: सुटलं तर सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जीवाला-मनाला धोका आहे, किंवा न्यायाचा उद्देशच हरेल. तेही लिहून द्यावं लागतं. मोठ्या माणसाला जामिनासाठी सेशन, हायकोर्ट करावं लागतं आणि लेकराला पहिल्याच दिवशी हक्कानं. एकदम बरोबर.

फक्त, मंडळ म्हणतं, 'ठीक आहे, पालक कोण आलंय?' आणि माझ्या बाजूला कुणीच नसतं.

बापाला फोन लावला तर तो उसाच्या फडात. 'साहेब, मुकादम सोडीना. उचल फिटल्याबिगर येता यीना. तुमीच बगा की काय तरी.' एकदा एका मुकादमाशीच बोललो मी, तो म्हणाला कोयता मोडला तर कारखान्याला मी काय उत्तर देऊ, तुम्ही देताल का पैसे. त्याच्या जागी त्याचंही बरोबर असेल, मला त्यात पडायचं नाही. बाप रजा टाकून येऊ शकत नाही एवढंच खरं. आजी येते कधीकधी. गावातून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला, दोन एसट्या बदलून, आणि आल्यावर कळतं की आधार कार्ड घरीच राहिलं किंवा मंडळाची बैठक आज नाही, परवा आहे. एक आजी मला म्हणाली, 'मी हितं अंगठा दिला तर लेकरू देताल का?' त्या दिवशी मंडळानं दिलं. पण पुढच्या वेळी मंडळानं विचारलं की या वयात तुम्ही याला सांभाळणार कशा, आणि तोही प्रश्न चुकीचा नव्हता.

असं करत केबल चोरणारं पोरगं निरीक्षणगृहात, म्हणजे गावाच्या भाषेत रिमांड होमात, जातं आणि राहतं. जामीन नाकारलेला नसतो बरं का, आदेश झालेला असतो, न्यायला कुणी आलेलं नसतं. कायद्यानं यावरही विचार केलाय, जामिनाची अट सात दिवसांत पूर्ण झाली नाही तर पोराला परत मंडळासमोर आणून अट बदलायची असं कलमच आहे. पण अट बदलून बदलणार काय, अट पैशाची नसते, माणसाची असते. तीन कारणांत 'घरचे ऊसतोडीला गेलेत' हे कारण कुठंही नाही आणि आमच्या भागात पोरं आत राहण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे, असं मी माझ्यापुरतं तरी छातीठोक सांगतो.

आत काय होतं? शाळा असते, खेळ असतो, काही ठिकाणी अधीक्षक फार चांगले भेटतात, काही ठिकाणी नाही. पण केबलवालं पोरगं तिथं खुनाच्या केसमधल्या सतरा वर्षांच्या पोरासोबत जेवतं. नियमात वयानुसार आणि गुन्ह्यानुसार वेगळं ठेवा असं आहे. खोल्या किती आहेत ते नियमाला माहिती नसतं.

आता वयाचं. मराठवाड्यात निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून असतो हे माहिती आहेच. शाळेत घालायला गेले, गुरुजींनी विचारलं जन्मतारीख, बापानं सांगितलं पोळ्याच्या आगंमागं झालं होतं, गुरुजींनी मनानंच वर्ष धरून १ जून टाकली. फेसबुकवर त्या दिवशी शुभेच्छांचा पूर येतो, आपण हसतो. पण कलम ९४ प्रमाणं वय ठरवताना सगळ्यात आधी बघायचा तो शाळेचा दाखला नाहीतर दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर मग हाडांची टेस्ट, जिच्यात वर्ष-दोन वर्षं इकडंतिकडं होतात. म्हणजे गुरुजींनी वीस सेकंदांत टाकलेल्या तारखेवर ठरतं की पोरगं मंडळासमोर जाईल की सेशन कोर्टात. १ जूनला अठरा पूर्ण होणारं पोरगं मेमध्ये कागदावर अजून लहानच असतं, म्हणून मेमधली घटना असली की मी आधी दाखलाच काढायला लावतो.

याचं टोकाचं उदाहरण पुण्याचंच आहे. १९९४ चं राठी हत्याकांड, सात जणांचा खून, त्यात फाशी झालेला एकजण. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं, कारण राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या दाखल्यावरून घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा निघाला. अठ्ठावीस वर्षांपेक्षा जास्त जेलात काढली होती त्यानं, तीही फाशीच्या छायेत. आजच्या कायद्यात त्या वयाच्या पोराला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे सुधारगृह. कुणाला यात पोराची दया येईल, कुणाला मेलेल्या सात जणांची, मला दोन्ही येते आणि त्यातून बाहेर पडायचा रस्ता मला सापडलेला नाही. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कधीही काढता येतो, शिक्षा लागल्यावरसुद्धा, एवढं मात्र लक्षात ठेवा.

सोळा ते अठराचं प्रकरण वेगळं आहे. २०१२ च्या दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर, त्यातला अल्पवयीन डिसेंबर २०१५ मध्ये तीन वर्षांनी सुटला त्याच आठवड्यात, राज्यसभेनं हा नवा कायदा पास केला. त्यात सोय केली की ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षं आहेत तो अतिगंभीर, आणि पोरगं सोळाच्या पुढचं असेल तर मंडळानं तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करायचं: शरीरानं-मनानं तो हे करण्याइतका मोठा होता का, परिणाम कळत होते का. मग ठरवायचं की मोठ्यासारखा खटला चालवायचा का. पोर्शेच्या पोरावर तसा खटला चालवा अशी पोलिसांची मागणी होती, जुलै २०२५ मध्ये मंडळानं ती फेटाळली. गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या केसमध्ये २०२२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की मंडळावर बालमानसशास्त्र शिकलेलं कुणी नसेल तर मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यावीच लागेल. ठीक. आमच्याकडं सिव्हिलला मानसोपचारवाले डॉक्टर असले तर त्यांच्यापुढं आधीच रांग असते, ते दोन भेटींत सांगणार की सहा महिन्यांपूर्वी या पोराच्या डोक्यात काय चाललं होतं.

आणि हे मूल्यांकनाचं कलम आमच्याकडं खुनापेक्षा जास्त कुठं येतं सांगू? पळून जाण्यात. पोरगी सोळाची, पोरगा सतराचा, एकाच गावातले, बहुतेक वेळा जात वेगळी. चार दिवस पुण्याला नाहीतर रांजणगावला राहून येतात, पोरीचा बाप तक्रार देतो, पोक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो. पोक्सोत शरीरसंबंधाच्या गुन्ह्याला २०१९ पासून कमीत कमी दहा वर्षं. दहा वर्षं म्हणजे अतिगंभीर. म्हणजे त्या पोराचं मूल्यांकन होणार की त्याला मोठ्यासारखं चालवायचं का, आणि त्याच पोरीला बालकल्याण समितीसमोर काळजीची गरज असलेलं बालक म्हणून उभं करणार. दोघं सोबत गेले, सोबत आले, एकाला आरोपी केलं आणि एकीला पीडित. याच तालुक्यात त्याच पोरीचं लग्न बापानं सोळाव्या वर्षी ऊसतोडीला जायच्या आधी उरकलं असतं तर किती लोकांनी चाइल्डलाइनच्या १०९८ ला फोन केला असता? जोडीशिवाय कोयता मिळत नाही म्हणून लवकर लग्नं लावतात हे सगळ्यांना माहिती आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो नाहीतर कॉमेंटमध्ये म्हणताल वकील आहे, पोरांचीच बाजू घेणार. मायनर वापरून घ्यायचा धंदा खरा आहे. तलवारीनं केक कापायचा, रील टाकायचं, भाईचं नाव स्टेटसला, आणि मारामारीत पुढं कोण तर सोळा-सतराची पोरं, कारण भाईनं सांगितलेलं असतं की तुला काय होत नसतंय, सुटतोस तू. भाईला कायदा आमच्यापेक्षा चांगला पाठ असतो. पण त्याला जो भाग पाठ नाही तो म्हणजे बाल न्याय कायद्याचं कलम ८३, पोरांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत दंड, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ९५, तीन ते दहा वर्षं. हे भाईवर, त्या तांबं घेणाऱ्या भंगारवाल्यावर लावलेलं मी अजून बघितलेलं नाही. मागं कोण होतं हे पोराला विचारलं जातं ते मार देताना, जबाब लिहिताना नाही. अठराची अट सोळा करा, शिक्षा वाढवा असं म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे, मग भाई चौदाची पोरं घेईल, तेव्हा काय चौदा करायची?

भरतीचं पण सांगून टाकतो कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. पहाटे मैदानावर पळणारं निम्मं गाव पोलीस भरतीची नाहीतर आर्मीची तयारी करतंय आणि लहानपणीची एखादी केस पोटात गोळा आणते. तर, या कायद्याखाली केस निकाली निघाली असेल तर चारित्र्य पडताळणीत पोलिसांनी ती सांगायची नाही असं कलम ७४ म्हणतं, आणि कलम २४ प्रमाणं तिच्यामुळं कुठलीही अपात्रता लागत नाही (सोळाच्या पुढचा असून मोठ्यासारखा दोषी ठरला असेल तर वेगळं). सीआयएसएफच्या एका उमेदवाराच्या केसमध्ये २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तसंच धरलंय. त्यामुळं नुसत्या भीतीनं फॉर्म सोडू नका. फॉर्ममधला प्रश्न मात्र नीट वाचा, आणि उत्तर लिहायच्या आधी वकिलाला दाखवा, मित्राला नाही. आणि गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर पकडलेल्या पोराचा फोटो टाकणारे जे हुशार असतात त्यांनीही ७४ वाचावं, ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे सगळं लिहायला बसलो ते एका कामासाठी. कायद्यात 'फिट पर्सन' म्हणून एक सोय आहे. पोराची जबाबदारी घ्यायला तयार असलेला माणूस, ज्याची चौकशी करून मंडळ त्याला मान्यता देतं, आणि मग पालक येईपर्यंत पोराला त्याच्या ताब्यात देता येतं. नात्यातलाच पाहिजे असं नाही. निवृत्त गुरुजी चालतील, अंगणवाडीच्या ताई चालतील, हंगामी वसतिगृह चालवणारं कुणी चालेल. शहरात संस्था असतात, आमच्या तालुक्यांत मला अशी मान्यता घेतलेलं एकही माणूस माहिती नाही. यंदा गाड्या निघायच्या आत, म्हणजे दसऱ्यापर्यंत, प्रत्येक ऊसतोडीच्या तालुक्यात निदान दोन-तीन माणसं तरी पाहिजेत असा माझा प्रयत्न आहे. अर्ज मंडळाकडं करायचा, आधार, पत्त्याचा पुरावा आणि पोलीस पडताळणी एवढी तयारी ठेवा, घराची पाहणी होते. अर्ज मी लिहून देतो, पैसे लागत नाहीत. आणि जे आईबाप फडात निघालेत त्यांनी आजीकडं पोराच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स, स्वतःच्या आधारची झेरॉक्स आणि मुकादमाचा नंबर एका पिशवीत ठेवून जा, आणि ती पिशवी कुठं आहे ते शेजाऱ्याला सांगून ठेवा.